मनगटाला मनगट

पुण्यात मी नोकरीसाठी आले तेव्हा इथे मला कुणी ओळखत नव्हतं. बरीच वर्षं झाली, तरी त्यात फार फरक पडलेला नाही. हडपसरला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी गोळ्यांचे नमुने तपासते. गोळी पाण्यात विरघळायला किती वेळ घेते, पूर्ण विरघळते की तळाशी चुरा राहतो, असलं काम. दिवसभर काचेच्या भांड्यांसमोर उभं राहायचं आणि कमी बोलायचं. घर मांजरीला, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मूळची मी वर्ध्याची. लग्न एकदोनदा ठरता ठरता राहिलं, मग लोकांनी विचारायचं सोडलं आणि मीही सुटले.

उभं राहून राहून कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, काहीतरी व्यायाम करा. प्रयोगशाळेतल्या एका बाईने सांगितलं की हडपसरच्या एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी ताई ची शिकवतात. चिनी म्हातारेकोतारे बागेत संथपणे हात हलवतात ते, एवढंच मला त्याबद्दल माहीत होतं. मी गेले.

शिकवणारे सर साठीच्या पुढचे होते. आयुष्यभर बोटीवर इंजिनिअर म्हणून हिंडलेले. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी मलेशियाच्या एका बंदरात महिनोनमहिने अडकली होती, तेव्हा तिथल्या बागेत एका म्हाताऱ्या चिनी शिंप्याने त्यांना हे शिकवलं. पुढे बोट त्या बाजूला गेली की ते शिंप्याला शोधत जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, "ही मुळात मारामारी आहे. फक्त इतकी सावकाश, की समोरचा कंटाळून निघून जातो."

मला ते तिथेच आवडले.

शिकायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे मालिका. एकामागून एक येणाऱ्या हालचालींचा लांबलचक क्रम, एकट्याने करायचा, न थांबता. प्रत्येक हालचालीला नाव होतं आणि सरांनी ती नावं मराठीत आणली होती. चिमणीची शेपूट, चाबूक, ढग, समुद्रातली सुई, पंखा. दुसरी गोष्ट दोघांनी करायची. तिला ते पुश हँड्स म्हणायचे. एक पाय पुढे ठेवून समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि दोन्ही हात गोल फिरवत राहायचे. एकाने हळूच ढकलायचं, दुसऱ्याने तो जोर अडवायचा नाही, वाट करून द्यायची. ज्याचा पाय जागचा हलला तो हरला. ताकद लावली की सर ओरडायचे, "ऐक! हाताने ऐक! तो कुठून येतोय ते आधी ऐक!"

खरं सांगायचं तर रविवारची मी वाट पाहायचे ती या ऐकण्यासाठी. एकट्या राहणाऱ्या बाईला हात लावणारं कुणी नसतं. बसमध्ये धक्के लागतात, दुकानदार सुट्टे पैसे हातावर ठेवतो, दवाखान्यात नर्स दंडाला पट्टा बांधते, एवढंच. इथे अर्धा तास कुणीतरी माझ्या मनगटाशी होतं आणि त्याचं सगळं लक्ष, मी आता काय करणार आहे, याकडे होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. कंबर बरी होतेय, असं सांगायचे. कंबरही बरी होत होती.

आमच्या वर्गात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, एक दातांच्या डॉक्टर बाई होत्या, आयटीतली दोन मुलं होती. हळूहळू सगळे गळाले. बँकेवाल्यांचे गुडघे, एका मुलाचं परदेशातलं काम, दुसऱ्याचं लग्न. डॉक्टरीणबाईंनी न येण्याचं कारण कधीच सांगितलं नाही, त्यामुळे त्यांचं तेवढं खरं असावं. शेवटचं दीड-एक वर्ष मी आणि सर, दोघंच होतो. आज वर्ग नाही, असं सरांनी एकदाही सांगितलं नाही. मीही कधी दांडी मारली नाही.

मग त्यांच्या मुलाने त्यांना आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कॅनडाला बोलावून घेतलं. तिथे नातवंडं होती. शेवटच्या रविवारी शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.

"मालिका तुला येते," सर म्हणाले. "रोज कर."

"कुणाबरोबर?"

"मालिकेला कुणी लागत नाही. तेच तर तिचं बरं आहे."

मी मान हलवली. चहा गरम होता. त्याला फुंकर घालायचं निमित्त करून मी खाली पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पहाटे मालिका करायला लागले. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, डिशच्या छत्र्या, कपडे वाळत घालायच्या तारा, आणि त्यांच्या मध्ये मला पुरेल एवढी जागा. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला दोन इमारतींच्या मध्ये उसाचा एक पट्टा अजून शिल्लक होता. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक तिथपर्यंत ऐकू यायचे.

गच्चीवर पहाटे आणखी एक माणूस यायचा. पाचव्या मजल्यावरचे काका. सरकारी कचेरीतून निवृत्त, बायको वारलेली, मूळचे शहरातल्या पेठेतले, मुलाने घर घेतलं म्हणून इकडे मांजरीला येऊन पडलेले. ते कठड्याच्या कडेने फेऱ्या मारायचे. पहिले काही दिवस त्यांनी मला नुसतं पाहून घेतलं. मग एकदा जवळून जाताना थांबले.

"हा व्यायाम आहे की निषेध?"

"व्यायाम."

"बरं. निषेध असता तर मीही उभा राहिलो असतो." आणि पुढे गेले.

त्यानंतर आमच्यात फारसं बोलणं झालं नाही. पण ते आले नाहीत तर मला कळायचं.

एकट्याने काहीही रोज करायला लागलं की पहिले काही महिने उत्साहाचे असतात. मग कंटाळा येतो. पुढे कंटाळाही संपतो आणि ते घर झाडण्यासारखं होऊन जातं. काही पहाटे हात असे निघायचे की आपण पाण्यात उभे आहोत असं वाटावं. पण तसं क्वचित. बाकी दिवस मी मालिका करता करता दूध संपलंय का, गॅसवाला आज येईल का, याचा विचार करत असायचे. वर्ध्याहून आईचा फोन यायचा. "काय वं, थे हवा ढकलनं चालूच हाये का तुयं?" मी म्हणायचे, चालूच आहे. ती म्हणायची, "ढकल बाप्पा. दुसरं कोन हाये तिथं."

आई गेली त्या वर्षी तेरावं आटोपून मी परत आले आणि दुसऱ्या पहाटे गच्चीवर उभी राहिले. मालिका अर्ध्यावर विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथेच विसरले. शेवटी कठड्याला टेकून उजाडेपर्यंत उभी राहिले. काकांनी त्या दिवशी फेऱ्या गच्चीच्या पलीकडच्या अर्ध्या भागातच मारल्या. माझ्या बाजूला आले नाहीत. त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

मालिका नंतर परत आली. पण तेव्हापासून एका जागी शंका राहिली. 'समुद्रातली सुई' म्हणजे उजवा हात सरळ खाली सोडत वाकायचं. त्यानंतर 'पंखा', म्हणजे पुढे पाऊल टाकून हात उघडायचे. पण वाकलेल्या स्थितीतून आधी उठायचं आणि मग पाऊल टाकायचं, की पाऊल टाकता टाकता उठायचं? दोन्ही करून पाहिलं. दोन्ही बरोबर वाटायचं आणि म्हणूनच काहीतरी चुकलंय असं वाटायचं. विचारायला कुणी नव्हतं. इंटरनेटवर शंभर जण शंभर तऱ्हांनी करत होते, त्यातला एकही आमच्या शिंप्याचा नव्हता. मी सरांना मेसेज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : "जे शरीराला पटेल ते कर." मला ते फार खोल वाटलं. कितीतरी दिवस मी ते मनात घोळवत होते.

सरांशी फोन आधी महिन्यातून एकदा व्हायचा, मग सणावारी. पण मला त्यांची सोबत होती ती वेगळ्याच तऱ्हेने. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचे तेव्हा तिकडे त्यांची पहाट असायची. मांजरी फाट्याला बस अडकली की मी खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत मनाशी म्हणायचे, आता सर उठले असतील. आता ढग चालले असतील. आता सुई. इथली माझी मालिका सकाळी संपते, संध्याकाळी तिकडे त्यांची सुरू होते, म्हणजे दिवसभरात कुठे ना कुठे ती चालू आहे. या विचाराने मला धीर यायचा. एवढ्या मोठ्या जगात हा विशिष्ट, एका शिंप्याचा क्रम करणारी आम्ही दोन माणसं होतो.

मागच्या हिवाळ्यात सरांचा मेसेज आला की ते आणि काकू पुण्यात येताहेत, बिबवेवाडीचा फ्लॅट विकायचाय, दोनतीन आठवडे आहेत, येऊन जा.

रविवारी मी गेले. मुद्दाम सैल सलवार घातली आणि सपाट बूट घेतले, कारण ते म्हणणार, करून दाखव. सरांना पेरू आवडायचे, ते घेतले. दोन बस बदलाव्या लागल्या. सगळ्या वाटेवर मी मनात मालिका म्हणत होते, शाळेत असताना परीक्षेला जाताना पाठांतर म्हणायचे तशी.

दार काकूंनी उघडलं. "अहो, आली बघा तुमची शेवटची विद्यार्थिनी," असं आत ओरडून त्यांनी माझ्या हातातले पेरू घेतले. घर निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर कपाटांचे फिकट चौकोन उमटलेले. हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये नुसती फरशी. सर आतून आले. अंगाने सुटले होते. चालताना एक हात भिंतीला लावत होते. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "अगं ऊठ, मला खाली बघून चक्कर येते हल्ली."

चहा झाला, नातवंडं झाली, बर्फ झाला. मग मी विचारलं, "सर, तिकडे सकाळी कुठे करता? घरात की बाहेर?"

"काय?"

"मालिका."

सरांनी कप खाली ठेवला. "मी सोडलं गं ते. तुला सांगितलं नव्हतं का?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिसऱ्या वर्षीच सोडलं."

मी विचारलं, "का?"

"काही झालं नाही," सर म्हणाले. "म्हणजे कारण असं काही नाही. पहिली दोन वर्षं केलं. तळघरात एक खोली होती, छत इतकं खाली की चाबूक करताना बोटं आपटायची. उन्हाळ्यात बागेत जायचो. तिथे चिनी म्हाताऱ्यांचा एक गट होता, त्यांच्यात उभा राहिलो. चांगली माणसं. पण त्यांचं सगळं वेगळं. एक आजी रोज माझा हात धरून सरळ करायची. मी मग जाईनासा झालो. मग हिवाळा आला. एका सकाळी जाग आली आणि उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल, चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. काही नाही वाटलं. चहा प्यायलो."

"मग मी तुम्हाला ते सुईचं विचारलं होतं..."

"हो. तेव्हा मला आठवत नव्हतं," ते म्हणाले. ते लपवत नव्हते, ओशाळलेही नव्हते. "म्हणून लिहिलं, शरीराला पटेल ते."

मी फरशीकडे पाहत बसले. बसच्या खिडकीतल्या त्या सगळ्या संध्याकाळी मला आठवल्या. तिकडे कुणी ढग करत नव्हतं. इतकी वर्षं ती मालिका फक्त मांजरीच्या गच्चीवर होत होती आणि ती संपली की जगात कुठेच चालू नसायची.

सरांना ते दिसलं असावं. ते खुर्चीतून उठले. "ये. उभी राहा. हात बघू तुझा."

"तुमचे गुडघे?" काकू दारात येऊन म्हणाल्या.

"गुडघ्यांनी नाही करत, हातांनी करतो."

हॉलच्या मधोमध आम्ही उभे राहिलो. त्यांनी मनगट पुढे केलं, मी माझं लावलं. आतून मला भीती वाटत होती की मी त्यांना पाडेन. ते म्हातारे झालेले, सोडून दिलेलं, आणि मी इतकी वर्षं करत आलेली. हात फिरायला लागले. त्यांनी हळूच ढकललं. मी कंबर वळवली, जशी मालिकेत वळवते तशी, अगदी बरोबर. आणि पुढच्याच क्षणी माझा पाय जागचा उचलला गेला होता आणि मी काकूंच्या दिशेने दोन पावलं धडपडले होते.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. त्यांच्या हातात जोर नव्हता. नुसतं मनगट टेकलेलं होतं, ऊबदार, जरा थरथरतं. मी कुठे जाणार हे त्यांना माझ्या आधी कळत होतं.

"तू ऐकत नाहीस," सर म्हणाले. "मी काय करतोय याच्याशी तुला देणंघेणंच नाही. तुझं पुढचं सगळं ठरलेलं आहे. मालिका करतेयस तू. माझ्यासमोर उभी राहून एकटीच करतेयस."

"सवय नाही राहिली, सर."

"ते दिसतंय."

मी मनगट काढून घेतलं नाही, त्यांनीही नाही. मग काकू म्हणाल्या, "पेरू चिरलेत. मीठ लावून ठेवलंय. आता एकमेकांना पाडणं पुरे."

निघताना मी सुई आणि पंख्याचं शेवटचं एकदा विचारलं. सरांनी वाकायचा प्रयत्न केला, अर्ध्यात थांबले, हात उघडले, मान हलवली. "नाही येत. तू कशी करतेस?"

मी दाखवलं.

"मग तेच बरोबर," ते म्हणाले. "आता तुझ्याशिवाय करणारं आहे कोण?"

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. परतीच्या बसमध्ये मला ते वाक्य नको नको झालं.

दुसऱ्या पहाटे मी जागी झाले आणि पडून राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मीही वाट पाहिली, चुकल्यासारखं वाटतंय का. सरांसारखं मला 'काही नाही' असं वाटलं नाही, पण जे वाटलं ते मालिकेबद्दल नव्हतं. पहाटेचा तो तास समोर उभा होता आणि त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. चहा केला, कपडे धुतले, डबा केला, तरी कंपनीची बस यायला वेळ होता. मी पलंगावर चप्पल घालून बसून राहायचे, लहान मुलं गावाला जायच्या दिवशी घालून बसतात तशी.

आठवड्याच्या शेवटी जिन्यात काका भेटले.

"बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग माझ्या चहाची वाट का लावलीत?"

"तुमच्या चहाची?"

"तुमचं ते खाली वाकणं दुसऱ्यांदा झालं की मी खाली चहाला जातो," काका म्हणाले. "घड्याळ घालत नाही मी आता. हे चार-पाच दिवस कधी लवकर जातोय, कधी उशिरा. सूनबाई विचारते, बाबा, तब्येत बरी आहे ना."

"तुम्ही बघता?"

"बघत नाही. दिसतं," ते म्हणाले आणि भिंतीला धरून उतरून गेले.

मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले. काकांच्या चहासाठी गेले असं म्हणता येणार नाही. पण जाताना तो विचार डोक्यात होता, आणि जायला तेवढं निमित्त पुरलं.

त्याच दिवशी दुपारी सरांचा फोन आला. घर बघायला येणारी माणसं अकरानंतर येतात, तोवर त्यांना काही काम नसतं, काकू आवराआवरीत त्यांना हात लावू देत नाहीत. "सकाळी येऊ का तुझ्याकडे? तुझी गच्ची आहे ना?"

"या की. मालिका करू."

"मालिका नाही," सर म्हणाले. "मालिका मी करणार नाही. पुश हँड्स करू. त्या दिवशी मी रात्रभर गाढ झोपलो, तुझी काकू म्हणाली."

ते रिक्षाने आले. पाच मजले लिफ्टने, गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही म्हणून शेवटचे दोन जिने कठड्याला धरून. गच्चीवर काका फेऱ्या मारत होते. थांबून त्यांनी सरांना नखशिखांत पाहिलं.

"आपण?"

"मी हिचा शिक्षक होतो."

"होतो म्हणजे? आता काय आहात?"

सर हसले. "आता बेकार आहे."

"मग बरोबर जागी आलात," काका म्हणाले आणि चालू लागले.

पुढचे दोन आठवडे सर जवळजवळ रोज आले. मी कंपनीत उशिरा येण्याची परवानगी काढली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते यायच्या आत मी माझी मालिका उरकून घ्यायचे. ते आले की आम्ही टाक्यांच्या मधल्या जागेत मनगटं लावून उभे राहायचो. पहिले काही दिवस मी नुसती धडपडत होते. ते सांगायचे, डोळे मिट. सांगायचे, जिंकू नकोस. एकदा चिडून म्हणाले, "मी भांडं नाहीये तुझ्या प्रयोगशाळेतलं. मी काय करणार हे तुला आधीपासून माहीत नाही, हे मान्य कर की!"

मग एका सकाळी, का कुणास ठाऊक, मला त्यांचं ढकलणं यायच्या आत कळलं. त्यांच्या मनगटात काहीच झालं नव्हतं, फक्त त्यांचं वजन कुठेतरी खोल सरकलं, टाचेकडे. मी काही केलं नाही, फक्त वाटेतून बाजूला झाले, आणि सर पुढे झुकून टाकीला जाऊन टेकले. मी घाबरून धावले. ते टाकीला धरून हसत होते. "हां!" म्हणाले. "हां, हे! हे ऐकू आलं ना तुला?"

आलं होतं. मला रडू येत होतं आणि हसूही. आम्ही लगेच पुन्हा मनगटं लावली.

नंतर टाकीच्या सावलीत बसून थर्मासमधला चहा पिताना मी त्यांना विचारलं, मालिका का करत नाही ते नीट सांगा.

"एकट्याने करायचं मला जमत नाही," ते म्हणाले. "बोटीवर असताना करायचो, पण तेव्हा मनात असायचं की परत गेलो की त्या शिंप्याला दाखवायचं. पुण्यात तुम्ही होतात. तिकडे गेल्यावर कळलं, मला ते कधी नुसतं करायला आवडलंच नव्हतं. तुला जमतं. मला नाही जमलं."

"मला आवडतं असं नाही, सर."

"मग का करतेस?"

ऊन कठड्यावर आलं होतं. "दुसरं काय करू," मी म्हटलं, आणि म्हणताना आईचा आवाज मला माझ्या आवाजात ऐकू आला.

सरांनी माझ्या हातातून कप घेतला, झटकला आणि थर्मासच्या झाकणाखाली बसवला.

फ्लॅट विकला गेला. निघायच्या आदल्या सकाळी सर आले तेव्हा काकूही बरोबर होत्या. त्यांनी पिशवीतून सरांच्या जुन्या वर्गातली सतरंजी काढून मला दिली, म्हणाल्या, कॅनडात नेऊन काय करू. आम्ही रोजच्यापेक्षा कमीच वेळ केलं. शेवटी सरांनी मनगट काढलं नाही. हात नुसतेच फिरत राहिले, कुणी ढकललं नाही, कुणी वाट दिली नाही. मग काकूंनी घड्याळ पाहिलं.

खाली रिक्षात बसताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी आलात की..."

"आता घर नाही इथे," सर म्हणाले. "आता यायचं म्हणजे पाहुण्यासारखं." मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."

त्यांनी येऊन माझं नुकसान केलं, असं पुढचे काही आठवडे मला वाटत राहिलं. आधी मी माझ्या एकटेपणाला सरावले होते. पायाला बोचणारी चप्पल घट्टा पडल्यावर बोचेनाशी होते, तसं. आता तो घट्टा निघून गेला होता. पहाटे हात वर उचलला की मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे त्यांचं मनगट असायचं, तिथे गार लागायचं. बसमध्ये संध्याकाळी मी आता तिकडच्या पहाटेचा विचार करत नाही. बसले की झोपून जाते.

सोसायटीच्या ग्रुपवर मी एकदा धीर करून लिहिलं की कुणाला शिकायचं असेल तर सकाळी गच्चीवर या. दोन अंगठे आले, एक हात जोडलेलं चित्र आलं. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी दोन दिवस आली. मनगट लावलं की तिला गुदगुल्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी तिची शिफ्ट बदलली. वाईट वाटलं, पण ती हसत असताना तिची मनगटं वळवळायची ती आठवतात, पाण्यातल्या माशांसारखी.

मालिका मी करते. तिच्यात एक फरक पडलाय आणि तो बाहेरून दिसत असेल असं मला वाटत नाही. पूर्वी मी पुढची हालचाल मनात तयार ठेवायचे. आता समोर कुणीतरी आहे आणि ते काय करणार मला माहीत नाही, असं धरून उभी राहते. बहुतेक वेळा कुणी नसतं. कधी वारा असतो, कधी तारेवरची कुणाची ओली चादर अंगाला लागते. त्यामुळे मालिका अडखळते, लांबते. एखाद्या दिवशी संपतच नाही आणि बस चुकायची वेळ येते.

सर गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मला आठवते. थंडी होती. मी सतरंजी टाकीजवळ घडी करून ठेवली आणि उभी राहिले. काका आले, कानटोपी घालून. त्यांनी टाक्यांच्या मधल्या जागेकडे पाहिलं.

"साहेब गेले वाटतं."

"हो, काल."

"अच्छा." त्यांनी मफलर गळ्याशी घट्ट केला. "म्हणजे पुन्हा आपापलं."

"आपापलं," मी म्हटलं.

ते कठड्याच्या कडेने निघाले. मी हात वर उचलले.